पदरचा शब्द

मारोतभाऊंना चहा पाजायचा असला, तर आधी त्यांचं काम संपू द्यावं लागे. एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगायला बसले, की ते पाणीसुद्धा तोंडाला लावत नसत. "तोंडात घोट असला की शब्द ओला होते," म्हणायचे. कचेरीतला चहा निवायचा, त्यावर साय धरायची. सगळं आटोपलं की तो गार चहा ते एका दमात पिऊन टाकायचे, मिशी पुसायचे आणि म्हणायचे, "हं, आता मी मारोतराव."

इचोड्याच्या बाजारात त्यांचं दोरखंड, सुपं आणि टोपल्यांचं दुकान होतं. पण दोरखंडासाठी त्यांना कोणी ओळखत नसे. आमच्याकडे घरात मराठी, रस्त्यावर हिंदी आणि कचेरीत तेलुगू. जमिनीच्या कागदाला आम्ही अजून निजामाच्या वेळची 'पहाणी' म्हणतो, अर्जाला दरखास्त म्हणतो, पण तो कागद मागायचा तेलुगूत. मग आजूबाजूच्या खेड्यांतला माणूस मारोतभाऊंच्या दुकानासमोर उभा राहून म्हणायचा, "मारोतराव, चाला ना जरा, तर्जुमा करून द्या." इकडचं बोलणं तिकडे, तिकडचं इकडे, त्याला आमच्याकडे तर्जुमा म्हणतात. मारोतभाऊ लगेच चपला घालायचे आणि वच्छलावैनी मुकाट्यानं गल्ल्यावर येऊन बसायच्या. घरात विहीर असल्यावर नदीवर कोण जातं? वैनींचा जन्म या बाजारात गेला, पण त्यांचं तेलुगू भाव, आकडे आणि मालाच्या नावांपुरतंच राहिलं.

भाऊंची तर्जुम्याची एक विचित्र रीत होती. समोरचा 'मी' म्हणाला, तर तेही 'मी'च म्हणायचे. कोणी म्हातारा म्हणाला, "माझ्या भावानं माझी जमीन खाल्ली," की मारोतभाऊ कारकुनाला तेलुगूत तस्संच सांगत, माझ्या भावानं माझी जमीन खाल्ली. एक कारकून नवा आला होता. चार-पाच महिन्यांनी त्यानं मला शाळेत येऊन विचारलं, "टीचर, या माणसाला एकूण भाऊ किती? सगळेच कसे याची जमीन खातात?" मी मराठी शाळेतली मास्तरीण, तेलुगू बऱ्यापैकी येणारी. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भाऊंना सांगितलं तर ते गंभीरपणे म्हणाले, "बाई, 'हा म्हन्ते, तो म्हन्ते' असं केलं की शब्द परका होते. मंग त्याच्यात आपल्या पदरचं घुसते. मी पन्हाळ हाय. पानी ज्याच्या छपराचं त्याचं."

पदरचा शब्द टाकायचा नाही, हे त्यांचं व्रतच होतं, आणि व्रत करणारा माणूस शेजाऱ्यांना थोडा तापदायक असतोच. एकदा किसन नावाचा शेतकरी कचेरीत वैतागून पुटपुटला, "या हलकटाले सांगा, मी काही भिकारी नाही." मारोतभाऊंनी तेलुगूत सांगितलं, हलकटासकट. कारकून खुर्चीवरून उठला. किसन भाऊंच्या अंगावर धावला, "तुमी ते काऊन सांगतलं?" भाऊ शांत. "तूच बोल्ला ना? मंग आता तूच निस्तर." त्या दिवसापासून किसन कचेरीत तोंड सांभाळून बोलायला लागला, हेही खरं.

मला त्यांचा खरा राग आला तो माझ्या भाच्याच्या सोयरिकीत. मुलगी तेलुगू घरची. पसंती झालेली, दोन्हीकडचे बसलेले, आणि मुलीचा मामा शेजारच्याला हळूच म्हणाला की पोरगा फारच काळा आहे. हळूच म्हणाला, उघडपणे नाही. मारोतभाऊंनी ऐकलं आणि भर बैठकीत मराठीत सांगून टाकलं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. बैठक गार पडली. तेवढ्यात माझी बहीण म्हणाली, "काळा हाय तर हाय. कापूस काळ्याच जमिनीत येते." भाऊंनी तेही तिकडे पोचवलं. मामा आधी लाजला, मग मोठ्यानं हसला आणि लग्न ठरलं. पण मी आठ दिवस भाऊंशी बोलले नाही. शेवटी तेच ओट्यावर आले. "बाई, जो ऐकून राह्यला, त्याले सगळं ऐकायचा हक हाय. त्याच्यासाठी कोनतं बरं, कोनतं वाईट, हे ठरवनारा मी कोन?" मी म्हटलं, तुम्ही हट्टी आहात. ते म्हणाले, "ते हाव."

त्यांचा आजार आम्हाला आधी त्यांच्या तर्जुम्यात कळला. वाक्यं मध्येच तुटायला लागली. समोरचा लांबलचक बोले आणि भाऊ अर्ध्यावर थांबून दम घेत. कोणी म्हणालं कापसाची धूळ, कोणी म्हणालं कबुतरं. हैदराबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, कारण सापडत नाही, पण फुप्फुसं दगडासारखी कडक होत चालली आहेत. नाकाला नळी आली, खाटेशेजारी सिलिंडर आलं. दुकान बंद झालं. तरी लोक येत. भाऊ नळी लावून फोनवरून तर्जुमा करायचे, एकेक शब्द धापेत. मग दुसऱ्याची फुप्फुसं बसवायचं ठरलं, नाव यादीत गेलं, आणि एका दुपारी बोलावणं आलं. कोणीतरी गेलं होतं आणि त्याच्या घरच्यांनी दान दिलं होतं.

ऑपरेशननंतर फोनवर भाऊंचा आवाज ऐकला तर वाक्य पूर्ण होतं. मी रडले, उगाच कशाला लपवू. त्यांना एकच रुखरुख होती: ज्याचं हे फुप्फुस, तो कोणती भाषा बोलायचा? दवाखाना ते सांगत नाही. "तेलगूच असन बाई," ते म्हणाले. "म्हंजे मी आता आतून-बाहेरून अर्धा-अर्धा."

घरी आले तेव्हा वैनींनी घराचं सोवळं करून ठेवलं होतं. चपला बाहेर, पाणी उकळून, भेटायला येणाऱ्यानं दारातूनच बोलायचं. भाऊंच्या लाकडी पलंगाच्या पायथ्याखाली विटा लावून तो उंच केला होता. औषधांनी त्यांच्या पायांवर सूज होती, त्यामुळे ते बघणाऱ्यालाही बरोबरच वाटत होतं. विटा मी पाहिल्या, सगळ्या गल्लीनं पाहिल्या. वैनी मात्र त्या दिवशी फुलल्या होत्या. "मास्तरीणबाई, दवाखान्यातून सोडलं तवा हे गोळीच्या झोपेत होते. सिस्टर गोदावरीच्या खालच्या अंगाची, तिले हिंदी येत नव्हतं. सगळं मीच समजून घेतलं, तेलगूत. गोळ्या, पानी, पलंग. यायले उठवलं बी नाही." भाऊ पलंगावरून कौतुकानं बघत होते. "पाहा बाई, माह्या पोटावर पाय आला," म्हणाले. बायकोनं आणलेला निरोप तपासून पाहायचा, हे त्यांच्या स्वभावातच नव्हतं. निरोप म्हणजे निरोप.

तीन-चार महिने बरे गेले. ते मुसकं बांधून संध्याकाळी ओट्यावर बसायचे. रोज सकाळी एका छोट्या यंत्रात फुंकायचं आणि आकडा पाहायचा. त्याला ते 'फुंकणी' म्हणत. मग फुंकणीचा आकडा उतरायला लागला. थोडा थोडा, पण रोज. सकाळी घसा खरवडल्यासारखा, तोंड आंबट. वैनींनी ताक बंद केलं, मिरची बंद केली. भाऊ म्हणत, काही जळजळ नाही, काही दुखत नाही. ते खरंच सांगत होते. पण जिना चढताना पुन्हा तीच धाप लागायला लागली आणि वैनींचा चेहरा ओढला. रात्री त्या दर थोड्या वेळानं उठून त्यांचा श्वास ऐकत बसायच्या, असं त्यांनीच मला सांगितलं.

तपासणीला हैदराबादला जायचं होतं. त्यांची मुलगी निजामाबादला बाळंत झालेली, म्हणून सोबत मी गेले. पहिल्या दिवशी नाकातून बारीक नळी घालून ठेवली. पोटातलं आम्ल कुठवर चढतं ते तिच्यातून मोजतात. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवलं. मोठा सज्जन माणूस. हिंदीत बोलू का, म्हणाला. पण मारोतभाऊंनी तेलुगूत सुरुवात केली होती, आणि तेलुगूत सुरू झाले की वैनींसाठी तर्जुमा त्यांनीच करायचा, हे ठरलेलं. स्वतःच्या आजाराचा तर्जुमाही त्यांनी आपल्या रीतीनंच केला, डॉक्टरचा 'मी' धरून. अजून तो आवाज माझ्या कानात आहे.

"मी रिपोर्ट पाह्यले, अम्मा," ते वैनींना म्हणाले. "मारोतरावचं अंग नवीन फुप्फुसाले नामंजूर करून राह्यलं." दरखास्त नामंजूर होते तसं. दुसरा शब्द त्यांना सुचला नसणार, आणि त्याहून नेमका शब्द मलाही आजवर सुचलेला नाही. "रातच्याले याच्या पोटातलं आंबट पानी गळ्यापर्यंत चढते. तिथून थेंब थेंब फुप्फुसात उतरते. फुप्फुसाले जखम होते. जखम झाली की अंगातले शिपाई जागे होते आन परक्या फुप्फुसावर तुटून पडते. याले जळजळ झाली नाही, म्हून काही नव्हतं असं नाही. फुप्फुस बसवताना बारीक नसा तुटते, मंग खोकला बी वेळेवर येत नाही."

वैनी पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या. मग डॉक्टरांनी विचारलं, झोपता कसे? पलंग डोक्याकडून उंच आहे ना? त्यांचे शब्द होते, "तल वैपु एत्तुगा उंदा?" तेलुगूत 'तल' म्हणजे डोकं, 'एत्तु' म्हणजे उंच.

भाऊंनी तर्जुमा करायच्या आधीच वैनी सावरून बसल्या. डॉक्टरांच्या एवढ्या तेलुगूतलं त्यांना पहिल्यांदाच काहीतरी थेट कळलं होतं. "हेच तर सिस्टरनं सांगतलं होतं," त्या म्हणाल्या. "तळ एत्तु. तळपाय उंच. मी दोनदा इचारलं तिले, तळ? ते म्हने हाव, तल. पैल्या दिवसापासून इटा लावल्या मी पायथ्याले, एक दिवस काढल्या नाही. सांगा ना त्यायले."

मी भाऊंकडे पाहिलं. त्यांचा एक हात टेबलावर होता, तो तिथेच राहिला. एवढ्या वर्षांत कोणी बोललं आणि मारोतभाऊ गप्प बसले, असं मी पाहिलं नव्हतं. डॉक्टर वाट पाहत होते. वैनी वाट पाहत होत्या. पायथा उंच म्हणजे डोकं खाली. म्हणजे पाच-सहा महिने, रोज रात्रभर, पोटातलं ते पाणी उताराला लागलं होतं.

मग भाऊ डॉक्टरांना तेलुगूत म्हणाले, "माझी चूक झाली. मी उलटं समजलो. पायथ्याकडून उंच केला, पहिल्या दिवसापासून." डॉक्टरांनी चष्मा काढला. मग म्हणाले, यानं नुकसान झालंय. सगळं यानंच झालं असं मी म्हणू शकत नाही, सगळं नीट पाळूनही काही जणांचं फुप्फुस अंग स्वीकारत नाही. पण हे व्हायला नको होतं. आजपासून डोक्याकडून उंच करा. पोटाच्या तोंडाशी एक ऑपरेशन करता येतं, पण आधी श्वास तेवढा सुधारायला हवा. आणि तुमच्यासारख्या माणसाला तेलुगू कळू नये, याचं मला नवल वाटतं.

"काय म्हन्ले?" वैनींनी विचारलं.

भाऊ त्यांच्याकडे वळले. डॉक्टरचाच आवाज, डॉक्टरचाच 'मी'. "मी म्हन्तो, अम्मा, तुमी बराबर केलं. पैले सा महिने पायथा उंच ठेवा लागते, पायाची सूज उतरासाठी. ते झालं. आता दुसरे सा महिने उसं उंच. इटा इकडच्या तिकडे करा, बस."

वैनींनी डॉक्टरांना हात जोडले. डॉक्टरांना वाटलं, त्या रागावू नका म्हणतायत. त्यांनीही हात जोडले.

परतताना वाटेत एका ढाब्यावर थांबलो. वैनी हात धुवायला गेल्या आणि मी भाऊंवर घसरलेच. जन्मभर 'ऐकणाऱ्याचा हक्क' म्हणून आमची डोकी खाल्लीत, माझ्या भाच्याचं लग्न मोडत आणलंत, आणि आज? बायको आहे म्हणून तिचा हक्क नाही? मी रागावले होते खरी, पण कोणावर ते माझं मलाच नीट कळत नव्हतं. त्या सिस्टरवर, त्या एका अक्षरावर, कोणावर तरी. भाऊंनी समोर आलेला चहा हातातच धरून ठेवला होता. वैनी परत येताना दिसल्या, तसे ते माझ्याशी तेलुगूत बोलायला लागले. "बाई, हक्क ऐकणाऱ्याला असतो. पण हे एकदा ऐकून संपणारं नाही. मी गेल्यावर तिला ते रोज ऐकू येत राहील." मग म्हणाले, "आजपासून तुमचं तेलुगू कच्चं."

"काय म्हन्ते हे?" वैनींनी बसता बसता विचारलं.

"बाई तेलगू इसरून राह्यल्या म्हन्तो," भाऊ म्हणाले. "वय झालं." चहा त्यांनी तसाच ठेवला, आणि 'आता मी मारोतराव' असं काही ते त्या दिवशी म्हणाले नाहीत.

घरी पोचल्या पोचल्या वैनींनी विटा उचलून उशाकडे लावल्या. त्याच विटा, पुसून. संध्याकाळचं जेवण लवकर, तेही चार घास. जेवल्यावर आडवं व्हायचं नाही, वाकायचं नाही. आमच्याकडे जेवणाचा आग्रह म्हणजे काय ते सांगायला नको. कोणी डबा घेऊन आलं तर वैनी दारातूनच परत पाठवायच्या, लोकांनी तोंडं वाकडी केली तरी. फुंकणीचा आकडा काही दिवस जागीच थांबला. त्या दिवसांत वैनी मला म्हणायच्या, "पाह्यलं? दुसरे सा महिने लागू पडून राह्यले." मी मान हलवायचे. शाळेत मुलांच्या चुका तांबड्या शाईनं गिरवणारी मी, मान हलवायचे. मग आकडा पुन्हा उतरला. इंजेक्शनं झाली, औषधं बदलली, ते ऑपरेशन पुढे पुढे जात राहिलं आणि मग त्याचं नाव निघेनासं झालं. भाऊ बोलणं जपून वापरू लागले. लोक मात्र अजून यायचे. एकदा किसनच आला, दारात उभा राहिला आणि काही काम नसतानाच म्हणाला, "मारोतराव, तुमच्याबिगर कचेरीत कोनी नीट शिव्या बी पोचवत नाही." भाऊ हसले, आणि त्या हसण्याची धाप बराच वेळ उतरली नाही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते एका दुपारी. हैदराबादहून सांगितलं होतं, लगेच आणा. अँब्युलन्स मंचेरियलकडची होती, ड्रायव्हर आणि एक पोरगेलासा मदतनीस, दोघंही तेलुगू. भाऊंच्या तोंडावर ऑक्सिजनचं मुसकं. पलंगावरून स्ट्रेचरवर घ्यायचं होतं. मदतनिसानं कमरेखाली हात घातला आणि वैनींना म्हणाला, "तल पट्टुको, अम्मा." डोकं धरा.

वैनी लगबगीनं गेल्या आणि त्यांनी भाऊंचे दोन्ही पाय धरले.

"तल, अम्मा, तल," तो पोरगा म्हणाला आणि त्यानं बोटानं भाऊंच्या डोक्याकडे दाखवलं.

वैनींनी त्या बोटाकडे पाहिलं. बोटाला तर्जुमा लागत नाही. मग त्यांनी भाऊंच्या डोक्याकडे पाहिलं, आणि मग खाली, उशाखालच्या विटांकडे. त्या तशाच वाकलेल्या राहिल्या, हातात पाय. मी पुढे होऊन भाऊंचं डोकं धरलं. माझ्या तळहातात ते केवढं जड आणि गरम होतं. भाऊंनी हात उचलला, मुसकं बाजूला सारलं. बोलू नका, मी म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही.

"पाय म्हन्ते तो," ते वैनींना म्हणाले. दोन शब्दांमध्ये केवढा तरी श्वास. "बराबर धरलं तू."

वैनी त्यांच्याकडे पाहत राहिल्या. त्यांचे ओठ एकदा हलले, मला वाटलं तो शब्द त्या स्वतःशी म्हणून पाहतायत. पण आवाज आला तो वेगळाच, नेहमीसारखा, जरा दरडावल्यासारखा.

"हाव, पायच म्हन्ला. मी आयकलं. तुमी बोलू नका आता, दम लागते."

आम्ही त्यांना उचललं. गाडीत जागा दोन होत्या, एक उशाशी आणि एक पायथ्याशी. मदतनिसानं वैनींना उशाजवळची दाखवली. दार लागलं, गाडी नागपूर रस्त्याला लागून हैदराबादच्या बाजूला वळली, तेव्हा मागच्या काचेतून मला त्या दिसल्या. पायथ्याशी बसल्या होत्या, भाऊंचे दोन्ही तळपाय मांडीवर घेऊन.